लीलो म्हणजे कोणता रंग

धुळ्याच्या सेशन्स कोर्टात पितांबर महाजन दुभाषा होता, आणि आपल्यासारखा दुभाषा साऱ्या खानदेशात नाही अशी त्याची मनातून खात्री होती. खात्रीला कारणही होतं. त्याचे वडील शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, सरकारी लाकूडवखारीवर कारकून होते. पितांबरचं लहानपण तिथं पावऱ्यांच्या पोरांबरोबर नदीत डुंबण्यात आणि टेंभुर्णीच्या झाडांवर चढण्यात गेलं. त्यामुळे पावऱ्यांची बोली त्याला घरच्या अहिराणीइतकीच सहज येई. पुढे इंग्रजी शाळा झाली, मॅट्रिक झालं, कोर्टात चिकटला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलू लागला की पितांबर डोळे अर्धवट मिटून ऐके, आणि त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच त्याचं इंग्रजी जज्जसाहेबापुढे ठेवी. खोट एकच होती. डोकं लवकर तापायचं.

१९३३ सालच्या फाल्गुनात अमरसिंग पावऱ्याचा खटला उभा राहिला. हकिगत साधी होती. पायथ्याशी बोरपाडा नावाचं गाव. तिथल्या नाल्यावर भर दुपारी लाकडाच्या ठेकेदाराच्या मुकादमावर कोणीतरी मागून कुऱ्हाड घातली. मुकादम वाचला, पण खांदा कायमचा गेला. मारणाऱ्याचं तोंड काही त्याला दिसलं नाही. पळणारा माणूस पाहिला होता एका बाईनं. गुंताबाई तिचं नाव, चाळिशीतली, विधवा. ती वरच्या अंगाला डिंक गोळा करत होती. तिला तो पाठमोराच दिसला. पण त्याच्या डोक्याचं फडकं तिनं चांगलं पाहिलं होतं. शिरपूरच्या मॅजिस्ट्रेटपुढे तिची जबानी झाली तेव्हा कारकुनानं मराठीत लिहिलं, 'पळणाऱ्याच्या डोक्याला निळं फडकं होतं.'

अमरसिंगचं मुकादमाशी आधीपासून वाकडं होतं. त्याच्या झोपडीत निळीत बुडवलेलं गडद निळं पागोटं सापडलं. एवढं पोलिसांना पुरे झालं.

सेशन्स कोर्टात गुंताबाई पिंजऱ्यात आली ती अंग चोरून, पदर दोन्ही हातांनी धरून. सरकारी वकिलांनी शिरपूरची जबानी समोर ठेवली आणि विचारलं, पळणाऱ्याच्या डोक्याला काय होतं?

पितांबरनं तिच्या बोलीत विचारलं. ती म्हणाली, "फडकं होतं. लीलो."

पितांबरनं साहेबाला इंग्रजीत सांगितलं, हिरवं फडकं होतं.

सरकारी वकिलांनी झटकन मान वर केली. "हिरवं? दुभाष्यांनी नीट ऐकावं. निळं."

"ती लीलो म्हणाली," पितांबर म्हणाला. "लीलो म्हणजे हिरवा."

"शिरपूरला निळं म्हणाली होती. इथं लिहिलेलं आहे."

कोर्टात कुजबुज झाली. पितांबरला त्याच क्षणी कळलं की काय झालं असावं. शिरपूरच्या कारकुनाला पावऱ्यांची बोली येत नव्हती. बाई 'लीलो' म्हणाली, त्याला ते 'निळो' ऐकू आलं, त्यानं 'निळं' लिहिलं. आणि जबानी वाचून दाखवली तेव्हा तिला 'निळं' हे आपलं 'लीलं'च वाटलं असणार. तिनं मान डोलावली आणि अंगठा उठवला. दोघंही प्रामाणिक, आणि कागदावर मात्र भलतंच.

त्यानं हे साहेबाला सांगायला तोंड उघडलं. साहेब म्हणाला, "दुभाष्याचं मत कोर्टानं विचारलेलं नाही. तिलाच विचारा, लीलो म्हणजे कशासारखं."

हा प्रश्न रास्त होता. पितांबरला हायसं वाटलं. त्यानं विचारलं. गुंताबाई जरा विचारात पडली. मग म्हणाली, "पोपट असतो ना, तसं. कोवळं भात असतं तसं."

पितांबरनं शब्दाला शब्द दिला. आता प्रश्न मिटला असं त्याला वाटलं. पण सरकारी वकील जुने, हट्टी. हरलेला डाव सोडणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी मुद्देमालातलं अमरसिंगचं पागोटं उचललं, बाईसमोर उलगडून धरलं आणि विचारलं, "हे कोणत्या रंगाचं?"

गुंताबाईनं पाहिलं आणि सांगून टाकलं, "कालो."

पावऱ्यांत निळीच्या गडद कापडाला काळंच म्हणतात. दुपारचे लांबचे निळे डोंगरही त्यांच्या बोलीत काळेच. त्याला ते लहानपणापासून माहीत होतं. पण दुभाष्यानं ऐकलं ते सांगायचं. तो म्हणाला, "काळं."

सरकारी वकील साहेबाकडे वळून हसले. "महाराज, शिरपूरला निळं, इथं हिरवं, आणि कापड समोर धरलं तर काळं. बाईंनी तीन रंग दिले. चौथा उद्या देतील."

"तीन नाही!" पितांबर जवळजवळ ओरडलाच. "तिनं पळणाऱ्याचं फडकं हिरवं सांगितलं आणि हे पागोटं काळं सांगितलं. म्हणजे हे ते नव्हेच! हेच तर ती म्हणतेय!"

"मिस्टर महाजन," साहेब म्हणाला, "खाली बसा."

तो बसला. कान तापले होते. आरोपीचे वकील अभिमन पाटील धुळ्यातले तरुण वकील. त्यांनी उठून तोच मुद्दा नीट, सावकाश मांडला. त्यावर सरकारी वकिलांनी संस्कृत काढलं. म्हणाले, लीलो हा नील शब्दाचाच अपभ्रंश. नीळकंठ, नीलकमल. मूळ शब्दाचा अर्थ निळा, तेव्हा अपभ्रंशाचाही निळाच. व्याकरण काही पावऱ्यांसाठी वेगळं नसतं.

पितांबरला वाटलं, उठावं आणि विचारावं की संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलंही जनावर, मग तुमच्या घरी मृग म्हणजे हरीणच का? पण तो बसून राहिला.

आता साहेब बोलू लागला. तो विलायतेतल्या वेल्स नावाच्या मुलखातला, वयस्क, पांढऱ्या भुवयांचा. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाला, "गंमत आहे. माझ्या आईच्या भाषेत आभाळालाही ग्लास म्हणतात आणि डोंगरावरच्या गवतालाही ग्लास."

दाराशी उभ्या शिपायानं 'ग्लास' ऐकला आणि लगबगीनं पाण्याचा ग्लास आणून साहेबासमोर ठेवला. कोर्ट हसलं. साहेबही हसला, एक घोट पाणी प्याला आणि पुढे म्हणाला, "आमच्याकडे गवताचं नावच मुळी ग्लासवरून पडलंय. जपानी लोकांचंही असंच आहे म्हणतात, आभाळ आणि पालेभाजी एकाच शब्दात. जगात अशा कितीतरी भाषा असतील."

पितांबर पुढे सरकून बसला. या माणसाला कळतंय, तो मनात म्हणाला. देव पावला.

साहेबानं लेखणी उचलली. "तेव्हा लीलो हा शब्दही तशाच जातीचा दिसतो. त्याचा अर्थ निळाही होतो आणि हिरवाही. अशा शब्दावर कोणालाही दोषी ठरवता येणार नाही, आणि कोणाला निर्दोषही ठरवता येणार नाही. साक्ष म्हणून त्याची किंमत शून्य."

पितांबर उठून उभा राहिला. "साहेब, तसं नाही. पावऱ्यांच्या बोलीत लीलो म्हणजे फक्त हिरवा. आपल्या भाषेत जे होतं ते तिच्या भाषेत होतं असं कशावरून?"

"मिस्टर महाजन, ही दुसरी वेळ. तिसऱ्यांदा उठलात तर मला दुसरा दुभाषा नेमावा लागेल."

दुसरा दुभाषा कोण? साऱ्या जिल्ह्यात नव्हता. तरी तो बसला.

मधल्या सुटीत तो बाहेर चिंचेखाली उभा होता. तिथं नथ्थूशेठ आले. नथ्थूशेठ मूळचे जळगावचे, धुळ्यात कापडाची मोठी पेढी. जज्जाला सल्ला द्यायला गावातली दोन प्रतिष्ठित माणसं असेसर म्हणून बसवत, त्यांतले ते एक. पान लावत म्हणाले, "महाजन, तुमचं खरं आहे हो. माझ्याकडे सुरतेकडचं गिऱ्हाईक येतं, मारवाडी येतं. 'लीलो' म्हणालं की आमचा माणूस हिरवंच ठाण काढतो. निळं काढलं तर शिव्या खाईल."

पितांबर त्यांच्याकडे पाहतच राहिला. "मग शेठ, आत का नाही बोललात?"

"मला कुठं कोणी विचारलं?" नथ्थूशेठ म्हणाले. "आणि साहेब त्यांच्या आईचं सांगत होते. मध्ये कसं बोलणार?"

पितांबरनं कपाळावर हात मारून घेतला.

निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन अमरसिंगला सोडलं. अभिमन वकील खुशीत होते. अमरसिंगची म्हातारी आई कोर्टाच्या पायरीला हात लावून डोक्याला लावत होती. पण निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात साहेबानं लिहिलं होतं, की साक्षीदार गुंताबाई हिनं शपथेवर दोन परस्परविरुद्ध विधानं केली आहेत, शिरपूरला एक आणि इथं दुसरं. दोहोंतलं एक खोटं असलंच पाहिजे. तरी तिच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरण्यात यावा.

पितांबरनं ते दोनदा वाचलं. बाईनं दोन्ही ठिकाणी एकच शब्द उच्चारला होता. त्या एका शब्दाची दोन विधानं केली ती कारकुनानं आणि त्यानं स्वतः. आणि त्यातही त्याचं बरोबर होतं. त्यानं त्या दिवशी मुकाट्यानं 'निळं' म्हटलं असतं तर बाई मोकळी झाली असती आणि अमरसिंग गेला असता. त्याला कुठूनच वाट दिसेना. जामिनाला कोणी नव्हतं. गुंताबाईला धुळ्याच्या तुरुंगात नेलं.

घरी जेवताना तो पुन्हा तेच बोलू लागला तेव्हा कुंदाबाई, त्याची बायको, म्हणाली, "अहो, वरण गार झालं. जेवताना तरी तो रंग सोडा. तुम्ही लिहिलं नाही, तुम्ही पकडलं नाही."

"माझ्या तोंडातून तर गेलं ना?" तो म्हणाला आणि ताट सारून उठला.

रविवारी तो मोटारीनं शिरपूरला गेला. जबानी लिहिणारे कारकून छगनराव त्याच्या वडिलांचे स्नेही. लहानपणापासून तो त्यांना नानाच म्हणे. नाना ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. पितांबरनं सगळं सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नाना, ती लीलोच म्हणाली होती ना?"

"म्हनी व्हई," नाना अहिराणीत म्हणाले. "माले निळोच आयकू उनं. आते मराठीमा लिखनं पडस. मी निळं लिखं. वाची दखाडं, तिनी मान हालाई. मना काय गुन्हा?"

"गुन्हा कोणाचाच नाही, नाना. पण एवढंच कोर्टात येऊन सांगा. मला तिची बोली येत नाही, ऐकण्यात चूक झाली असेल, एवढंच."

नानांचा अडकित्ता थांबला. "आरे पितांबर, मना नोकरीना दोनच वरीस ऱ्हायनात. आते मी उभा राहीसन सांगू, माले बोली येत नही? मंग साहेब म्हनी, इतला वरीस पावरा लोकेसन्या जबान्या लिख्यात त्या कश्या लिख्यात? बठ्ठा खटला उकराई जाईत."

हा विचार पितांबरच्या डोक्यात आलाच नव्हता. इतक्या वर्षांच्या जबान्या. त्यांत किती लीलो निळे झाले असतील आणि किती माणसं त्यापायी आत गेली असतील, कोण सांगणार?

"मग उकरू द्या की," तो म्हणाला.

"तू उकर," नाना म्हणाले. आवाज चढला नाही, पण त्यांनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. "चहा पीसन जाय."

तो चहा न पिताच निघाला.

तरी त्यानं हार मानली नाही. नथ्थूशेठच्या पेढीवर जाऊन बसला आणि त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की ते या वेळी साक्षीला येतील, लीलो म्हणजे काय ते शपथेवर सांगतील. त्यांच्याकडून कापडाच्या चिंध्या घेतल्या: पोपटी, गडद हिरवी, आकाशी, निळीची. बाईच्या हातात एकेक द्यायची, तिनं नाव सांगायचं, आणि मॅजिस्ट्रेटनं डोळ्यांनी पाहायचं. मग संस्कृतही नको आणि साहेबाची आईही नको. अभिमन वकिलांनीच गुंताबाईचंही वकीलपत्र घेतलं होतं; त्यांना त्यानं हे सगळं समजावून सांगितलं, आपणही साक्ष देऊ म्हणाला. ते म्हणाले, "उत्तम. पण महाजन, यात तारखा पडतील."

"पडू द्या."

सुनावणीच्या दिवशी सकाळी तो लवकर गेला. चैत्र लागला होता, ऊन तापलं होतं. नथ्थूशेठ शब्दाला जागले, जरीचं उपरणं घेऊन आले होते. गुंताबाईला पोलिसांनी आणून बसवलं. तुरुंगात ती वाळली होती. दुसरा दुभाषा नसल्यामुळे मॅजिस्ट्रेटनं साक्षीदार असलेल्या पितांबरलाच दुभाष्याचं कामही करायला सांगितलं. आरोप वाचला गेला. पितांबरनं तो तिला तिच्या बोलीत सांगितला आणि विचारलं, "तुला हे कबूल आहे का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "कबूल म्हटलं तर काय करतील?"

पितांबर दचकला. तो हळूच म्हणाला, "कबूल म्हणू नकोस. आम्ही सगळी तयारी केलीय. तू खरं बोललीस, ते दाखवून देऊ."

"ते किती दिवस?"

"तारखा पडतील. एखादा महिना. फार तर दोन."

"मोहू पडायला लागला असेल, भाऊ," ती म्हणाली. "पोरगी एकटी आहे. लोक फुलं वेचून नेतील. पावसाळ्यात काय खायचं?" मग अभिमन वकिलांकडे बोट दाखवून म्हणाली, "काल तुरुंगात या वकिलाचा माणूस आला होता. तुरुंगातल्या एका पावरा बाईकरवी म्हणाला, कबूल म्हटलं तर साहेब आजच सोडील."

पितांबरनं वकिलांकडे पाहिलं. अभिमन वकिलांनी नजर चुकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "तिनंच निरोप पाठवला होता, महाजन. मी काय तिला अडकवून ठेवू?"

"दुभाषे," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "आरोपी काय म्हणते?"

गुंताबाई त्याच्याकडे बघत म्हणाली, "सांग, खोटं बोलले. कबूल आहे."

कोर्टात त्या घटकेला त्याच्याशिवाय कोणालाही ते शब्द कळले नव्हते. 'नाकबूल' असा एक शब्द तो बोलला असता तर खटला उभा राहिला असता. शेठ बसलेले होते, चिंध्या खिशात होत्या. त्यानं अंगरख्याची बाही मुठीत धरली, आणि मग तिनं जे सांगितलं तेच सांगितलं.

"आरोपी म्हणते, मी खोटं बोलले. कबूल आहे."

आपल्या सबंध नोकरीत आपण केलेलं हेच एक खोटं भाषांतर, असं त्याला वाटलं. आणि त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

मॅजिस्ट्रेट दयाळू होते. बाईची गरिबी आणि कबुली लक्षात घेऊन त्यांनी कोर्ट उठेपर्यंतची कैद सुनावली. म्हणजे कामकाज संपेपर्यंत तिनं भिंतीशी बसून राहायचं, की सुटली. ती भिंतीशी बसली. नथ्थूशेठ "बरंच झालं, लवकर आटपलं" म्हणत पेढीवर गेले.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा पितांबर वाट पाहत उभा होता. त्यानं तिला मोटारतळाचा रस्ता दाखवला आणि मग त्याला राहवलं नाही.

"तू खोटं बोललीस असं आता कायमचं लिहिलं गेलं," तो म्हणाला. "कळतंय का तुला?"

"तो कागद तुमच्याकडेच राहणार ना?" ती म्हणाली. "बोरपाड्यात कोण येतं वाचायला?" आणि त्याच्या रागावलेल्या चेहऱ्याकडे पाहून तिला नवल वाटलं असावं. "भाऊ, तुला काय झालं? सोडलं ना मला."

ती भराभर चालत गेली.

कोणी वाचायला येत नाही, हे तिचं म्हणणं दोन वर्षं खरं ठरलं. तिसऱ्या वर्षी जंगलाच्या एका नाकेदारानं तिच्या पोरीला लाकडाच्या मोळीवरून काठीनं मारलं. पोरीचं मनगट मोडलं. गुंताबाई या वेळी आपणहून, पायी, शिरपूरला गेली आणि फिर्याद दिली. प्रकरण फिरत फिरत धुळ्याला आलं. पितांबरच दुभाषा होता. पिंजऱ्यात चढताना तिनं त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. आता आपलं नीट सांगणारा माणूस भेटला, असं तिला वाटलं असेल.

नाकेदाराच्या वकिलानं उठून पहिलाच प्रश्न विचारला, "खोट्या साक्षीबद्दल तुला पूर्वी शिक्षा झाली होती. खरं की नाही?"

पितांबरनं विचारलं. त्याला विचारावंच लागलं.

"झाली होती," ती म्हणाली. "पण ते रंगाचं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काठी सागाची होती. पोरगी वाकली होती, मोळी उतरवत होती, तेव्हा त्यानं मारलं."

पितांबरनं साहेबाकडे तोंड केलं. नव्या साहेबानं पहिलं उत्तर लिहून घेतलं होतं आणि लेखणी दौतीपाशी ठेवून तो शेजारच्या कारकुनाशी पुढच्या तारखेबद्दल बोलत होता. पितांबर सांगू लागला. काठी सागाची होती, हे त्यानं सांगितलं. मुलगी वाकलेली होती, हे सांगितलं. एकही शब्द त्यानं गाळला नाही. गुंताबाई थांबून थांबून बोलत राहिली आणि तो तिच्यामागोमाग इंग्रजीत बोलत राहिला, आवाज चढवून, जवळजवळ ओरडत. साहेब म्हणाला, "दुभाषे, एवढ्या मोठ्यानं नको." लेखणी काही त्यानं उचलली नाही.

त्याच महिन्यात पितांबरनं जळगावला नकलांच्या खात्यात बदली मागून घेतली. तिथं कोणी बोलत नसे. लिहिलेलं पुन्हा लिहायचं, एवढंच काम होतं.